दोन थेंबांची गोष्ट

दिवाळीच्या धांदलीत स्वयंपाकघराच्या फळीवर एक इवलीशी बाटली हमखास हाताशी येते. बोटाएवढी उंची, घट्ट बसलेले बूच आणि वर अननसाचे रंगीत चित्र. अवेळी पाहुणे आले आणि घरात फळ नसले, तरी या बाटलीतले तीनचार थेंब शिऱ्यात पडले की 'वा, अननसाचा शिरा!' अशी पावती मिळून जाते. त्या शिऱ्याने अननस पाहिलेलाही नसतो. बाटलीत असते ते अननसाच्या वासातले एक द्रव्य. ते कसे बनते, हे सांगितले तर सुगरणीने हातातला झारा खाली ठेवावा! खवट लोण्याला ज्या आम्लामुळे घाण मारते ते आम्ल घ्यायचे, त्यात मद्यार्क घालायचा आणि वर जळजळीत गंधकाम्लाचे चार थेंब टाकून मिश्रण तापवायचे. दुर्गंधातून सुगंध निघतो तो असा.

या सुवासिक द्रव्यांच्या घराण्याला रसायनशास्त्रात 'एस्टर' म्हणतात. आम्ल आणि मद्यार्क यांचा संयोग झाला आणि त्यातून पाण्याचा एक रेणू बाहेर पडला, की मागे उरतो तो एस्टर. पिकल्या केळ्याचा वास, नखांना लावायच्या रंगाचा वास, मुरगळलेल्या पायावर चोळायच्या मलमाचा वास, हे सारे एस्टरांचे आहेत. मोगऱ्याची सख्खी बहीण जी जाई, तिच्या अत्तरातही एस्टराचा वाटा मोठा. एवढेच काय, करंज्या तळायचे तूप आणि दिव्यातले तेल हेदेखील एस्टरच. फक्त त्यांना असा फळाफुलांचा वास नाही.

कॉलेजात असताना आम्ही हा प्रयोग परीक्षानळीत केला होता. शिरक्यातले आम्ल आणि मद्यार्क एकत्र केले, गुरुजींच्या सांगण्याप्रमाणे गंधकाम्लाचे दोन थेंब टाकले, नळी गरम पाण्यात धरली, आणि थोड्याच वेळात तो गोडसर, फळासारखा वास दरवळला. कोणीतरी धीर करून विचारले, "सर, हे दोन थेंब कशाला?" गुरुजी म्हणाले, "उत्प्रेरक म्हणून." आम्ही वहीत 'उत्प्रेरक' असे लिहून घेतले आणि समाधानाने घरी गेलो.

पुढे पुष्कळ वर्षांनी ध्यानात आले, की आम्हाला त्या दिवशी उत्तर मिळाले नव्हते, केवळ नाव मिळाले होते. ते दोन थेंब एस्टरात उतरत नाहीत आणि शेवटी जसेच्या तसे शिल्लक राहतात, तरी त्यांच्यावाचून काम अडते. मग ते करतात तरी काय? या साध्या प्रश्नाचे पुरते उत्तर मिळायला युरोप-अमेरिकेतल्या शहाण्या माणसांना दीडशेहून अधिक वर्षे लागली. ती कथा आज सांगायची आहे.

आरंभ होतो एका शौकीन सरदारापासून. पॅरिसचा काउंट द लोरागे हा नाटकांचा भारी नादी. त्या काळी तिथल्या रंगभूमीवर एक चमत्कारिक प्रथा होती. बडे लोक प्रेक्षागृहात न बसता थेट रंगमंचावरच बाकांवर बसत आणि नटांना वाट काढत ये-जा करावी लागे. लोरागेने १७५९ साली पदरचे पैसे मोजून कोमेदी-फ्रांसेझच्या मंचावरून ही बाके कायमची हटवली. फ्रेंच रंगभूमी त्याचे हे ऋण मानते. त्याच १७५९ सालात याच गृहस्थाने तीव्र शिरकाम्ल आणि मद्यार्क यांचे ऊर्ध्वपातन करून एक नवा सुवासिक द्रव मिळवला. तो आजचा एथिल ॲसिटेट. त्या काळचे लोक त्याला 'शिरक्याचा ईथर' म्हणत. एस्टर हे नाव पुष्कळ नंतरचे. जर्मन रसायनज्ञ लिओपोल्ड ग्मेलिन याने १८४८ साली 'शिरका' आणि 'ईथर' या अर्थाच्या दोन जर्मन शब्दांची मोडतोड करून ते घडवले.

लोरागे सरदार होता, तर पुढचा माणूस औषधविक्या. कार्ल विल्हेल्म शील स्वीडनमधल्या कपिंग या लहानशा गावी औषधांचे दुकान चालवी. प्राणवायू त्याने प्रीस्टलीच्या आधी ओळखला, पण पुस्तक छापून यायला १७७७ साल उजाडले आणि मान दुसऱ्याच्या पदरात पडला. क्लोरीन त्याला प्रथम सापडला, ग्लिसरीन त्याला प्रथम सापडले. हाती आलेला प्रत्येक पदार्थ जिभेवर ठेवून पाहण्याची घातक खोड त्याला होती, आणि १७८६ साली अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी तो गेला.

या शीलने १७८२ साली ईथरांवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्याला असे दिसले, की शिरकाम्ल आणि मद्यार्क यांचे मिश्रण पुनःपुन्हा ऊर्ध्वपातित केले तरी ईथर हाती लागत नाही. पण त्यात थोडेसे खनिज आम्ल घातले, मग ते गंधकाम्ल असो की मिठापासून काढलेले आम्ल असो, की काम फत्ते होते! लोबानापासून मिळणाऱ्या बेंझोइक आम्लाचीही तीच तऱ्हा. लोरागे खोटे बोलत होता असे मात्र नव्हे. हा संयोग खनिज आम्लावाचूनही होतो, पण इतक्या मंद गतीने की चटकन भट्टी विझवणाऱ्याच्या पदरी काहीच पडत नाही. शीलच्या ध्यानात आलेली गोष्ट साधी होती आणि पक्की होती. तिचे कारण मात्र त्याच्या काळात कोणालाच सांगता येण्यासारखे नव्हते.

त्यानंतर अशाच चमत्कारांची रांग लागली. सेंट पीटर्सबर्गच्या किर्खहोफने १८११ साली पिष्ठ पाण्यात घालून, त्यात थोडे गंधकाम्ल मिसळून उकळले, तो त्याची साखर झाली. गंधकाम्ल मोजून पाहिले, तर ते होते तेवढेच. डोबेरायनरने १८२३ साली प्लॅटिनमच्या भुकटीवर हायड्रोजनची धार सोडली आणि तो हवेत आपोआप पेटला. प्लॅटिनम जसेच्या तसे. स्वीडनचा बर्झेलियस हा त्या काळचा रसायनशास्त्राचा सरन्यायाधीशच. त्याने ही सारी प्रकरणे एकत्र ओवली आणि १८३५ साली त्यांना एक ग्रीक नाव बहाल केले, 'कॅटॅलिसिस'. काही पदार्थांच्या नुसत्या सान्निध्याने दुसऱ्यांतल्या निद्रिस्त आकर्षणांना जाग येते, असे त्याचे म्हणणे.

नाव मोठे सुरेख होते. पण आमच्या वहीतल्या 'उत्प्रेरका'सारखेच ते नुसते नाव होते. जर्मनीचा लीबिग तर चिडलाच. नवी 'शक्ती' कल्पून प्रश्न सुटत नाही, झाकला जातो, असा त्याचा आक्षेप होता, आणि तो रास्तच होता. व्यवहारात एक तिसरेच मत रूढ होते. गंधकाम्ल हे भयंकर तहानलेले आम्ल. साखरेवर टाकले तर तिच्यातले पाणी ओढून तिचा कोळसा करणारे. एस्टर बनताना पाणी सुटते, ते गंधकाम्ल पिऊन टाकते, म्हणून काम पुढे सरकते, अशी ही समजूत. म्हणून जुन्या कृतींत गंधकाम्ल थेंबांनी नव्हे, वाट्यांनी ओतलेले दिसते.

पंडितांचा हा वाद चालू असताना कारखानदार काही थांबले नव्हते. १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये काचेच्या महालात जगाचे पहिले मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले. तेथे फळांच्या कृत्रिम अर्कांच्या बाटल्या मांडलेल्या होत्या, आणि परीक्षकांत होता जर्मन रसायनज्ञ हॉफमन. त्याने बाटल्या उघडून तपासल्या. 'पेअरचे तेल' म्हणजे बटाट्याच्या दारूच्या तळाशी उरणाऱ्या उग्र, घाणेरड्या फ्यूझेल तेलापासून केलेला एस्टर निघाला. 'अननसाचे तेल' हा लोण्याच्या आम्लाचा एस्टर निघाला. लोण्याचा साबण करून तो मद्यार्क आणि गंधकाम्ल यांच्यासह ऊर्ध्वपातित करायचा, की अननस तयार! लंडनच्या मुलांच्या लिमलेटच्या गोळ्यांत हे अर्क पडू लागले. आपल्या फळीवरच्या बाटलीचे खापरपणजोबा ते हेच.

गंधकाम्ल बाजूला उभे राहून नुसते पाहते, की स्वतः व्यवहारात उतरते, या प्रश्नावर पहिला खरा प्रकाश पाडला लंडनच्या अलेक्झांडर विल्यमसनने. या माणसाचा एक डोळा गेलेला होता आणि डावा हात जवळजवळ निकामी होता; असे असून त्याने प्रयोगशाळेत आयुष्य काढले. १८५० साली त्याने दाखवले, की मद्यार्कापासून साधा ईथर बनताना गंधकाम्ल आधी मद्यार्काच्या एका रेणूशी संयोग पावते, मग दुसऱ्या रेणूशी गाठ पडताच त्याला सोडून देते आणि पूर्ववत मोकळे होते. लगेच पुढच्या जोडीकडे वळते. म्हणजे सान्निध्य नव्हे, सहभाग! हा ईथरचा हिशेब होता, एस्टरचा नव्हे. पण विचाराची दिशा सापडली. उत्प्रेरक खेळात उतरतो, आणि डाव संपताच पुन्हा जागेवर येऊन उभा राहतो.

आता कथेत संथ गतीचे एक प्रकरण येते, आणि मला ते सर्वांत आवडते. फ्रान्सचा मार्सलँ बर्तलो आणि त्याचा तरुण सहकारी लेऑं पेआं द सँ-जिल यांनी शिरकाम्ल आणि मद्यार्क मापून काचेच्या नळ्यांत भरले, नळ्यांची तोंडे वितळवून बंद केली, आणि त्या ठेवून दिल्या. गंधकाम्ल नाही, काही नाही. काही नळ्या तापवल्या, काही तशाच खोलीत राहू दिल्या. अधूनमधून एकेक नळी फोडायची आणि किती आम्ल शिल्लक आहे ते मोजायचे. खोलीतल्या नळ्यांत महिने लोटले, वर्ष उलटले, तरी संयोग रेंगाळतच होता. तापवलेल्या नळ्यांत तेच काम भराभर उरकत होते. पण थंड असो की तप्त, एका जागी सारे येऊन थबकत. समप्रमाणात घेतलेल्या आम्लापैकी सुमारे दोनतृतीयांशाचा एस्टर होई आणि एकतृतीयांश तसेच राही. मग त्यांनी उलट बाजूने आरंभ केला, म्हणजे तयार एस्टर आणि पाणी नळीत भरले. एस्टर मोडू लागला, आणि एकतृतीयांश मोडून तोही त्याच ठिकाणी थांबला!

दोन्ही बाजूंनी निघालेले वाटसरू एकाच धर्मशाळेत मुक्कामाला यावेत, तसे हे झाले. त्याचा अर्थ असा, की जोडणे आणि मोडणे ही दोन्ही कामे एकाच वेळी चालू असतात. दोहोंचा वेग सारखा झाला की बाहेरून सारे थांबल्यासारखे दिसते. हा समतोल. हे संशोधन १८६२-६३ साली प्रसिद्ध झाले. सँ-जिल बिचारा १८६२ सालीच, ऐन तारुण्यात वारला. नॉर्वेतल्या गुल्डबर्ग आणि वॉगे या मेहुण्या-मेहुण्यांनी या आकड्यांच्या आधारे १८६४ साली समतोलाचा गणिती नियम मांडला. लेख नॉर्वेजियन भाषेत असल्याने पुष्कळ वर्षे कोणी तो वाचला नाही. लहान भाषेत लिहिणाऱ्याचे हे दुःख आपल्याला निराळे सांगायला नको. त्या नियमाने हिशेब करून पाहिला, तर मद्यार्क तिप्पट घेतल्यास आम्लातले दोनतृतीयांश नव्हे, तर शेकडा नव्वद एस्टरात उतरते. आणि तयार होणारे पाणी बाहेर काढत राहिले, तर उरलेलेही. कारखान्यात आजही नेमके हेच दोन उपाय चालतात.

मग उत्प्रेरकाचे काम काय? तो हा समतोल आपल्या बाजूला झुकवतो का? येथे रंगमंचावर येतो रीगाचा विल्हेल्म ऑस्टवाल्ड. १८८३ साली तो मिथिल ॲसिटेट हा एस्टर पाण्यात निरनिराळ्या आम्लांच्या साहाय्याने मोडून प्रत्येकाचा वेग मोजत होता. बलवान आम्लात एस्टर झपाट्याने मोडे, दुर्बळ आम्लात रेंगाळे. इतक्यात १८८४ साली उप्सालाहून एका तरुणाचा प्रबंध त्याच्या हाती पडला. त्या तरुणाचे नाव स्वान्ते अऱ्हेनियस. त्याच्याच विद्यापीठाने त्याला काठावर पास केले होते. प्रबंधात आम्लांच्या विद्युत्‌वहनाचे आकडे होते. ऑस्टवाल्डने ते आपल्या वेगांशेजारी मांडून पाहिले, आणि दोन्ही याद्यांचा क्रम एकच निघाला! वीज वाहून नेण्यात जे आम्ल पुढे, तेच एस्टर मोडण्यातही पुढे. ऑस्टवाल्ड तडक उप्सालाला जाऊन त्या पोराला भेटला.

पुढे उलगडले ते असे. आम्ल कोणतेही असो, गंधकाचे की मिठाचे, खरे काम करतो तो त्यातून सुटणारा हायड्रोजनचा आयन. शीलला हरतऱ्हेची खनिज आम्ले सारखीच चालली होती, त्याचे कारण शंभर वर्षांनी कळले. ऑस्टवाल्डने १८९४ साली उत्प्रेरकाची व्याख्याही नीट बांधली. जी क्रिया आपल्या पायांनी हळूहळू चाललेलीच आहे, तिला तो वेग देतो. ती कोठे थांबणार, हे मात्र तो ठरवत नाही. जाण्याची वाट सोपी केली की येण्याचीही सोपी होते. तसे नसते, तर उत्प्रेरक घालून-काढून फुकटात काम करून घेणारे यंत्र बनवता आले असते, आणि तसे यंत्र सृष्टीत नाही. बर्तलोच्या नळ्या वर्षभरात जेथे पोचत नव्हत्या, तेथे दोन थेंब थोड्या वेळात पोचवतात. पण नेतात त्याच धर्मशाळेत. या कामाबद्दल ऑस्टवाल्डला १९०९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

तहानेची जुनी समजूत मात्र अजून जिवंत होती. तिचा निकाल लावला बर्लिनच्या एमिल फिशरने. तोपर्यंत अनेक जण मिश्रणात हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू ते पिऊन तुडुंब होईपर्यंत सोडत. फिशर आणि आर्थर स्पायर यांनी १८९५ साली दाखवले, की इतका खटाटोप नको. मद्यार्क भरपूर घ्या, त्यात थोडेसेच आम्ल घाला, आणि नळीतून वाफ थंड होऊन परत खाली येईल अशा बेताने मिश्रण काही तास उकळू द्या. एस्टर उत्तम बनतो. एवढेसे आम्ल सारे पाणी पिऊन टाकील, हे शक्यच नव्हते. म्हणजे वाट्यांनी ओतलेले गंधकाम्ल पाणी पिते हे खरे, पण थेंबांचे काम निराळे. जगभरच्या प्रयोगशाळांत ही कृती आजही 'फिशर एस्टरीकरण' म्हणून शिकवली जाते. खुद्द फिशरला ती कामी आली डाळी-दुधातल्या प्रथिनांच्या अभ्यासात. प्रथिने मोडून मिळणारी अमिनो आम्ले तापवली की नासतात. पण त्यांचे एस्टर केले तर कमी दाबाखाली उकळून वेगळे काढता येतात. १९०१ साली या युक्तीने त्याने प्रोलीन हे नवे अमिनो आम्ल शोधून काढले.

शेवटची गाठ राहिली होती. संयोगात जे पाणी सुटते, त्यातला ऑक्सिजन कोणाच्या घरचा? आम्लाच्या की मद्यार्काच्या? सगळे ऑक्सिजन दिसायला सारखे, ओळखायचा कसा? दर हजार ऑक्सिजन अणूंत दोनेक अणू किंचित जड असतात. अमेरिकेत रॉबर्ट्स आणि युरी यांनी १९३८ साली हे जड अणू मुद्दाम वाढवलेला मिथिल मद्यार्क घेतला आणि बेंझोइक आम्लाशी त्याचा संयोग घडवला. जड ऑक्सिजन सापडला तो एस्टरात, पाण्यात नव्हे. म्हणजे मद्यार्काने आपला ऑक्सिजन जवळच ठेवला होता, आणि पाण्यासाठी ऑक्सिजन सोडला होता तो आम्लाने.

आता चित्र पुरे झाले. हायड्रोजनचा आयन आधी सेंद्रिय आम्लाच्या ऑक्सिजनला जाऊन चिकटतो. त्यामुळे शेजारच्या कार्बनला इलेक्ट्रॉनांची चणचण भासू लागते, आणि मद्यार्काचा ऑक्सिजन, ज्याच्यापाशी इलेक्ट्रॉन मुबलक असतात, तिकडे ओढला जातो. दोघांची गाठ पडते, पाण्याचा रेणू निसटतो, आणि आयन हात झटकून पुढच्या रेणूकडे वळतो. आपल्याकडे लग्न जुळवणारे मध्यस्थ असत, त्यांची आठवण येते खरी. पण हा मध्यस्थ ओटीवर बसून चहा पिणारा नव्हे. हा आधी स्वतः एका पक्षाचा हात धरतो, त्याचा संकोच मोडतो आणि मगच दुसऱ्याच्या हाती देतो. नाव मात्र पत्रिकेत कोठेच नसते.

या ज्ञानाचा उपयोग आपल्या दारापर्यंत आलेला आहे. महाराष्ट्रात उसाच्या मळीपासून मद्यार्क होतो आणि त्याच मद्यार्कापासून लोरागेचा तो एथिल ॲसिटेट टाकीच्या टाकी भरून निघतो. रंग, शाई, औषधे यांना तो लागतो. द्रवरूप गंधकाम्लाची खोड अशी, की काम झाले तरी ते मालात मिसळून राहते, लोखंड खाते आणि चुन्या-सोड्याने मारून टाकून द्यावे लागते. म्हणून अनेक ठिकाणी आता आम्लाचे गट ज्यांना पक्के जोडलेले आहेत असे राळेचे बारीक मणी वापरतात. मिश्रण मण्यांमधून वाहते, एस्टर होऊन निघून जाते, आणि उत्प्रेरक जागच्या जागी राहतो.

आणि एक गोष्ट तर थेट दिवाळीचीच आहे. चकल्या-शेव तळून झाल्यावर कढईत जे काळपट तेल उरते, त्यापासून इंजिनात जळणारे बायोडिझेल करता येते. ते स्वस्तात करायचे तर क्षार वापरतात. पण वारंवार तापलेल्या तेलात सुटी मेदाम्ले वाढलेली असतात, आणि क्षार पडताच त्यांचा साबण होऊन सारा घोळ होतो. म्हणून आधी मिथिल मद्यार्क आणि थोडे गंधकाम्ल घालून त्या मेदाम्लांचे एस्टर करून घेतात, आणि मग क्षाराची पाळी येते. असे तेल पुन्हा खाण्यात न येता इंधनाकडे वळावे, यासाठी भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ साली मोहीमही सुरू केली. शीलने कपिंगच्या दुकानात जे ताडले, ते आज आपल्या फराळाच्या कढईपर्यंत येऊन पोचले आहे.

आता कोणी विद्यार्थ्याने विचारले, "हे दोन थेंब कशाला?", तर त्याला एका शब्दात वाटेला लावू नये. घरी बोलवावे, अननसाच्या शिऱ्याची वाटी पुढे ठेवावी आणि लोरागेच्या बाकांपासून सुरुवात करावी. शिरा संपेपर्यंत गोष्ट निम्म्यावर आलेली असेल. मग वाटी पुन्हा भरावी.